या सगळ्या तोंडांनी

रामकृष्ण परमहंसांची तळमळ, त्यांचं आजारपण आणि त्यांचा देहत्याग यांवर एका अमेरिकन संगीतकाराने समूहगायनाची रचना केली आहे. साधारण पाऊण तासाची. पूर्ण वाद्यवृंद, मोठा गायकवृंद, मोजके एकल गायक. आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यात खुद्द रामकृष्णांची भूमिका गाणारा माणूसच नाही! त्यांचे शब्द गातो तो अख्खा गायकवृंद. बायका, पुरुष, सगळे मिळून. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. दौंडला शाळेत मधल्या सुट्टीत सांगितलं, न्हावऱ्याला घरी सांगितलं, पारगावच्या भीमेच्या पुलापाशी उसाच्या ट्रॉल्यांमध्ये एसटी अडकली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईंनाही सांगितलं. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मग काय, दिंडीत तरी तुकाराम महाराज कोण असतं? सगळेच की!" एसटी हलली, आणि मला बोलायला शब्दच उरले नाहीत. कारण त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं, तेच मला या लेखात सांगायचं आहे.

रचनेचं नाव 'द पॅशन ऑफ रामकृष्ण'. संगीतकार फिलिप ग्लास. पहिला प्रयोग सप्टेंबर २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे झाला. तिथल्या पॅसिफिक सिंफनी या वाद्यवृंदाचं नवं सभागृह उघडत होतं, त्या सोहळ्यासाठी मुद्दाम करून घेतलेली ही रचना. वाद्यवृंदाचे संचालक कार्ल सेंट क्लेअर, गायकवृंद पॅसिफिक कोराल. नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला एका माणसाच्या मरणाची कथा गायची, हे धाडस मला फार आवडलं. पुढे २०१२ मध्ये याच मंडळींचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं. माझी भाची तिकडेच असते, तिने ते पाठवलं. सोबत एकच ओळ होती: मावशी, हे हेडफोन लावून ऐक, स्वयंपाक करताना ऐकू नकोस.

सुरुवातीला एक प्रास्ताविक, शेवटी एक उपसंहार आणि मध्ये चार भाग. पहिल्यात कालीमातेचं दर्शन, दुसऱ्यात शारदादेवी, तिसऱ्यात आजार, चौथ्यात महासमाधी. शब्द इंग्रजी आहेत, पण घरी नागपूरच्या रामकृष्ण मठाचं 'श्रीरामकृष्ण-वचनामृत' असेल, तर प्रसंग ओळखायला क्षणही लागत नाही. आमच्या आईच्या कपाटात ते आहे, कडेला हळदीची बोटं उमटलेलं. ज्यांनी ते मूळ बंगालीत लिहिलं, ते महेंद्रनाथ गुप्त, म्हणजे 'म', इथे एकट्याने गातात. शारदादेवी एकट्या गातात. डॉक्टर महेंद्रलाल सरकार एकटे गातात. ज्यांच्याभोवती हे सगळे जमले आहेत, ते मात्र अनेक जण होऊन गातात.

युरोपात गुड फ्रायडेच्या सुमारास येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा गाऊन सांगण्याची फार जुनी रीत आहे. बाखची मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरची रचना, १७२७ साली लाइपझिगच्या चर्चमध्ये गायली गेलेली, ही त्यातली सगळ्यात थोर मानतात. त्यात निवेदक असतो, जमाव असतो, शिष्य असतात आणि येशूचे शब्द एका भारदस्त खर्जाच्या आवाजाला दिलेले असतात. तो आवाज बोलू लागला की तंतुवाद्यं लांब स्वर धरून त्याच्याभोवती वलय उभं करतात. ग्लासने घर तेच घेतलं आणि आतली मुख्य खुर्ची काढून टाकली. आमच्या दौंड तालुक्याला गुड फ्रायडे परका नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, तिथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्याच केडगावच्या बेटात नारायण महाराजांचं दत्तमंदिर आहे. एका गावात ही दोन्ही ठिकाणं बघत मोठं झालेल्या माणसाला, ख्रिस्ती उपासनेच्या घाटात कालीचा भक्त बसलेला ऐकून बिचकायला होत नाही, उलट हे कुणाला आधी कसं सुचलं नाही असं वाटतं.

आता पहिला भाग. दक्षिणेश्वरच्या देवळातला तो विशीतला पुजारी. आई दिसत नाही म्हणून दिवस मावळला की जमिनीवर लोळण घेणारा, आणखी एक दिवस फुकट गेला म्हणून रडणारा. शेवटी सहन होईना तेव्हा त्याची नजर गाभाऱ्यात टांगलेल्या खड्गावर गेली. जीवच द्यायचा म्हणून तो त्याकडे धावला, आणि त्याच क्षणी देऊळ, दारं, भिंती सगळं विरघळलं आणि चहूबाजूंनी तेजाच्या लाटा अंगावर आल्या. ही हकिकत आपण किती शांतपणे वाचतो! पुस्तकात ती दोन परिच्छेदांत संपते. गायकवृंदाच्या तोंडून ऐकताना मात्र अंगावर येते, कारण तळमळ एका माणसाची राहत नाही. एक माणूस रडला तर आपण त्याला समजावू शकतो. एवढे सगळे एका सुरात आईला हाका मारू लागले की समजावणार कोण?

आणि हे संगीत घाईत नाही. ग्लासची पद्धतच तशी. चार-सहा स्वरांचा एक तुकडा घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा, मग त्यात एखादा स्वर वाढवायचा, कधी खालचा सूर हलवायचा. पहिली काही मिनिटं ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे काहीच सरकत नाही. आमच्या पारगाव-केडगावकडे गुऱ्हाळं आहेत. काहिलीत रस उकळत असतो, माणूस ढवळत असतो, कितीतरी वेळ बघणाऱ्याला तो नुसता रसच दिसतो, आणि मग एका क्षणी पाक बदलतो आणि तो क्षण चुकला तर सगळंच हुकतं. ग्लासचा पहिला भाग असाच ऐकायचा. बदल झाला हे कळतं, तोवर तो होऊन गेलेला असतो.

ही पद्धत त्याला सापडली कशी, ते वाचलं आणि मी उठून उभीच राहिले. १९६५ साल, पॅरिस. पंडित रविशंकर एका चित्रपटाला संगीत देत होते आणि तिथल्या वादकांसाठी ते पाश्चात्त्य पद्धतीने लिहून काढायला त्यांना माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे तिशीही न गाठलेला फिलिप ग्लास. त्याने लिहिलं, वादकांनी वाजवलं, पण आघात भलत्याच ठिकाणी पडत होते. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. ते पुन्हा पुन्हा एवढंच सांगत राहिले की सगळे स्वर सारखेच आहेत, असा मध्येच कुठे जोर द्यायचा नाही. शेवटी ग्लासने कागदावरच्या तुकडे पाडणाऱ्या उभ्या रेघा खोडून टाकल्या आणि समोर मात्रांचा एक अखंड प्रवाह उरला. तिथून त्याचं पुढचं सगळं संगीत सुरू झालं, असं तो स्वतः सांगत आला आहे. त्यानंतर तो भारतात आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. न्यूयॉर्कमध्ये नळदुरुस्ती करून आणि टॅक्सी चालवून त्याने चाळिशीपर्यंत पोट भरलं. १९८० मध्ये गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर त्याचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा आला, त्यातले शब्द गीतेतले आहेत आणि ते संस्कृतातच गायले जातात. म्हणजे २००६ मध्ये रामकृष्णांपर्यंत तो काही वाट चुकून आलेला नाही. चाळीस वर्षं चालत आला आहे.

आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे अण्णा आहेत. वय सत्तरीच्या पुढचं, बोटं अजून तयार. त्यांना मी पहिला भाग ऐकवला. ओट्यावर बसून, फोनला छोटा स्पीकर जोडून. अण्णांना शब्द कळत नव्हते, ते कळावेत अशी त्यांची इच्छाही दिसली नाही. डोळे मिटून उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवली आणि थोड्याच वेळात बोटं चालू झाली. मध्येच थांबले, कपाळाला आठी पडली, पुन्हा सुरू. "ठेका सोडत नाय गडी," म्हणाले, "पण वरचे लोक दोनात चाललेत आणि खालचा बाजा तिनात चाललाय. ऐका." मी ऐकलं. खरंच! दोन आणि तीन एकमेकांवर पडत होते आणि अख्खा डोलारा त्या ओढाताणीवर उभा होता. मी इतका वेळ नुसती लाट ऐकत होते, अण्णांनी तिच्या आतला ताण बोटांनी दाखवला. मग त्यांनी विचारलं, "ह्यात विणा कुणाकडंय?"

ज्यांनी दिंडी जवळून बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, आणि विणा घेतलेले विणेकरी. विण्याचा मान मोठा. विणेकरी खांद्यावरून विणा खाली ठेवत नाहीत, ठेवायचा म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. दिंडीतले लोक त्यांच्या पायांवर डोकं ठेवतात ते त्या माणसाच्या पायांवर नसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णांचा प्रश्न असा होता की रामकृष्णांची जागा या गाण्यात कुणी धरली आहे. त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. पुढे तिसरा भाग ऐकताना सापडलं.

तिसरा भाग आजाराचा. १८८५ मध्ये रामकृष्णांचा घसा दुखू लागला. तो कर्करोग निघाला. आधी कोलकात्यातल्या श्यामपुकुरला, मग डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरात त्यांना हलवलं. डॉक्टर सरकार मोठे नावाजलेले, विज्ञाननिष्ठ, अवतार वगैरे न मानणारे. बोलायचं नाही अशी रोग्याला त्यांची सक्त ताकीद, आणि स्वतःच तासन् तास बसून त्या रोग्याचं बोलणं ऐकत राहायचे. घास गिळता येत नव्हता. अशात नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, हट्टाला पेटले: तुम्ही आईला सांगा, निदान थोडं खाता येऊ दे. रामकृष्णांना असलं मागणं मान्य नव्हतं, पण पोराच्या हट्टापुढे त्यांनी आईला सांगितलं. आणि परत येऊन म्हणाले, आईने तुम्हा सगळ्यांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, या सगळ्या तोंडांनी तूच खातो आहेस ना? मला लाजेने पुढे बोलता आलं नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आईच्या त्या पुस्तकाच्या निमित्ताने घरात सांगितली जायची. पण एका आजारी घशाच्या माणसाचे शब्द एवढ्या निरोगी घशांतून एकदम उसळताना ऐकले, तेव्हा ती मला पहिल्यांदा पूर्ण उमगली. ग्लासने गायकवृंदाला रामकृष्ण का केलं याची शंभर कारणं जाणकार देतील. माझ्यासाठी कारण हे आहे. ज्याचा गळा रोगाने बंद केला त्याला त्याने सगळे गळे दिले. अण्णांना मी जाऊन सांगितलं की विणा कुणाकडेच नाही, ती जागा मोकळी ठेवली आहे आणि सगळे तिच्याभोवती उभे राहून गातात. अण्णा म्हणाले, "मग बराबर आहे."

माझे वडील टाळकरी होते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून आमच्या दौंड तालुक्यात शिरते, पहिला मुक्काम यवत, दुसरा वरवंड, मग उंडवडीमार्गे बारामतीकडे. यवतला गाव मिळून पालखीसाठी पिठलं-भाकरी करतं. वडील न्हावऱ्याहून तिथे जायचे, रात्रभर भजनात उभे राहायचे. शेवटच्या दिवसांत त्यांना दम लागायचा, धृपद धरता यायचं नाही. मंडळ घरी यायचं. वडील टाळ फक्त हातात धरायचे, वाजवायचे नाहीत, आणि बाकीचे गायचे. ते गेले त्या रात्री मंडळाने पहाटेपर्यंत भजन केलं. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या आमच्या गावांत हे सगळीकडे असंच असतं. दहाव्याला घाटावर प्रवचन, अंत्ययात्रेपुढे टाळ. मी ते कायम रिवाज म्हणून बघितलं. एखाद्याला पोचवायला निघालेले लोक गप्प का बसत नाहीत, त्याचाच आवाज आपल्या गळ्यात घेऊन का चालतात, याचा विचार मला कॅलिफोर्नियातल्या गायकांनी करायला लावला.

शारदादेवींच्या भागाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो अजून हवा होता. जिला नवऱ्याने देवी म्हणून आसनावर बसवून पूजलं आणि जी काशीपूरला त्याच्यासाठी पथ्याचं रांधत राहिली, तिच्या वाट्याला आणखी सूर यायला हवे होते. पण जे आहे ते विलक्षण आहे. एवढ्या गर्दीच्या नादातून एकच बाईचा आवाज वर येतो तेव्हा कळतं की घरात एक माणूस असं आहे जे या सगळ्या तोंडांमध्ये मोडत नाही. तिचं दुःख तिचं एकटीचं आहे.

चौथा भाग महासमाधीचा. १६ ऑगस्ट १८८६, मध्यरात्र उलटून गेल्यावर. या भागाबद्दल मी फार सांगणार नाही, तो ज्याने त्याने ऐकावा. फक्त तो ऐकताना माझ्या मनात आलेली एक गोष्ट सांगते. रामकृष्ण गेल्यावर शारदादेवी हातातली कांकणं उतरवू लागल्या, तेव्हा त्यांना ते समोर दिसले आणि त्यांनी अडवलं: मी काय कुठे गेलोय, या खोलीतून त्या खोलीत गेलोय. आमच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती, ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची घरं. दोनशेहून जास्त दफनं सापडली, आणि ती गावाबाहेर नाहीत. घराच्या जमिनीखाली, अंगणात. तान्ही मुलं तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. त्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वर चूल पेटते आहे, मुलं रांगताहेत, आणि हातभर खाली गेलेलं माणूस त्याच घरात आहे. मला तर त्या बायकांचं आणि शारदादेवींचं बोलणं एकमेकींना सहज कळलं असतं असं वाटतं. या खोलीतून त्या खोलीत.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारलं, आपल्याकडे एवढं भजन-कीर्तन असताना हे परकं ऐकायचं कशाला? मला हे परकं वाटतच नाही. आणि समजा असलं, तरी आपल्या अंगणात रोज घडणाऱ्या गोष्टीचं मोल मला त्याने दाखवलं, याबद्दल मी त्याचं ऋण उघडपणे मानते. उलट मला आता वेगळंच वेड लागलंय. तुकोबांच्या देहूतल्या अखेरच्या दिवसांवर अशी रचना मराठीत का होऊ नये? तुकोबा कुणी एकाने व्हायचंच नाही. शिरूरपासून पाटसपर्यंत गावोगाव भजनी मंडळं आहेत, महिला मंडळं आहेत, पखवाज आहेत, पहाटेपर्यंत उभं राहायची ताकद असलेले पाय आहेत. तुकोबांचे शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचे. रामेश्वरभट्ट एकटा, मंबाजी एकटा, आणि जिजाई एकटी. तिला मात्र भरपूर सूर द्यायचे, शारदादेवींची कसर भरून निघेल इतके. चाली नव्या कुणीतरी बांधायच्या, आपल्याच ठेक्यातून, दोनावर तीन टाकून.

हे मी परवा घरी बोलून दाखवलं. अण्णा लगेच हिशेबाला लागले, पखवाज किती लागतील, टाळकरी कुठल्या गावचे घ्यायचे, वरवंडच्या मुक्कामाला लोक कितीपर्यंत जागे असतात. आई महिला भजनी मंडळात आहे, ती इतका वेळ भाजी निवडत गप्प ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "जिजाईची पट्टी कुठली? काळी चारमध्ये असेल तर मी म्हणते."